तेरा पावलांचा विद्यार्थी

25 जुलै 1976 रोजी मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये वीस वर्षांच्या एडविन मोझेसने 400 मीटर अडथळ्यांची शर्यत 47.64 सेकंदांत जिंकली आणि जागतिक विक्रम केला. दुसरा आलेला त्याचाच देशबांधव माइक शाइन सेकंदाहून जास्त मागे होता. मोझेस तेव्हा अटलांटाच्या मोरहाऊस कॉलेजात भौतिकशास्त्र शिकत होता. त्या वर्षीच्या मार्चपर्यंत त्याने ही शर्यत फक्त एकदा धावून पाहिली होती. ही गोष्ट सहसा चमत्कार म्हणून सांगितली जाते. या शर्यतीचा अभ्यासक म्हणून मला ते पटत नाही. मोझेसची शाळा-कॉलेजची वर्षे नीट पाहिली, तर मुलांच्या 400 मीटर हर्डल्समध्ये शालेय पदकांवरून भवितव्य ठरवणे मुळातच का चुकीचे आहे, याचे उत्तर तिथे मिळते.

आधी शर्यतीचे गणित पाहू. पुरुषांसाठी 91.4 सेंटीमीटर उंचीचे दहा अडथळे असतात. पहिला 45 मीटरवर, पुढचे प्रत्येकी 35 मीटर अंतरावर आणि शेवटच्या अडथळ्यानंतर 40 मीटरची धाव. अडथळ्यावरून जातानाच्या झेपेत साधारण साडेतीन मीटर जातात. उरलेले साडेएकतीस मीटर 15 पावलांत कापायचे तर एक ढांग 2 मीटर 10 सेंटीमीटरची पडते, आणि 13 पावलांत कापायचे तर 2 मीटर 42 सेंटीमीटरची. 14 पावले टाकली तर प्रत्येक अडथळ्यावर आघाडीचा पाय बदलतो, म्हणजे दोन्ही पायांनी तितक्याच सफाईने अडथळा ओलांडता आला पाहिजे. मोझेसच्या आधीचे उत्तम धावपटू पहिल्या काही टप्प्यांत 13 पावले टाकत आणि दमले की 15 वर येत. लय तुटायची ती तिथेच. मोझेसने नऊच्या नऊ टप्पे 13 पावलांत काढले. छाती फुटायची वेळ आलेली असताना, आठव्या-नवव्या अडथळ्यापाशीही, जवळजवळ अडीच मीटरची ढांग न ताणता पडणे हेच या शर्यतीचे मर्म आहे.

आता हे मर्म शाळेच्या मैदानावर कसे दिसणार? पायांची पूर्ण लांबी आलेली नसते, अडथळे कमी उंचीचे असतात आणि अमेरिकेतल्या शाळांत तर अंतरही कमी असायचे. ओहायोतल्या डेटन इथल्या फेअरव्ह्यू शाळेत मोझेस 180 यार्डांचे बुटके अडथळे आणि 440 यार्डांची सपाट शर्यत धावत असे. अंगाने तो तेव्हा लहानखुरा होता. अशा वयात जिंकतो तो बहुधा लवकर वयात आलेला मुलगा. ज्याची उंची अजून वाढायची आहे, तो चौथा-पाचवा येतो आणि यादीतून गळतो. त्या पदकांतून मुलाच्या वाढीचा वेग कळतो. पुढे त्याची ढांग किती पडेल आणि ती किती टिकेल, ते कळत नाही.

मोझेस गळला नाही, कारण त्याचे पुढचे शिक्षण पदकांवर अवलंबून नव्हते. तो मोरहाऊसला गेला तो अभ्यासातल्या शिष्यवृत्तीवर. आई-वडील दोघेही शिक्षणक्षेत्रातले. कॉलेजला स्वतःचा ट्रॅक नव्हता, म्हणून सराव शहरातल्या सरकारी शाळांच्या मैदानांवर चाले. भौतिकशास्त्रामुळे तो जिंकला, असे मी म्हणणार नाही. पण खेळाच्या शिष्यवृत्तीवरच्या मुलाला दर आठवड्याला संघासाठी गुण मिळवावे लागतात, आणि त्याला विसाव्या वर्षी शर्यत बदलायची मोकळीक क्वचितच मिळते. मोझेसला ती मिळाली. मार्च 1976 च्या फ्लोरिडा रिलेजमध्ये तो 110 मीटर हर्डल्स 13.7, सपाट 400 मीटर 46.1 आणि 400 मीटर हर्डल्स 50.1 सेकंदांत धावला. या तीन आकड्यांत सगळे आले: अडथळ्याचे तंत्र होते, चारशेचा वेग होता, फक्त दोहोंची सांगड घालायची होती. चार महिन्यांत ती घातली गेली.

यावर पहिला आक्षेप अमेरिकेची 400 मीटर हर्डल्सची धावपटू सिडनी मॅक्लॉफ्लिन हिच्या उदाहरणाचा. न्यू जर्सीतल्या युनियन कॅथलिक शाळेत असतानाच तिने रिओ ऑलिंपिकची उपांत्य फेरी गाठली, आणि केंटकी विद्यापीठातल्या एकाच हंगामात, 2018 मध्ये, 52.75 सेकंदांचा महाविद्यालयीन विक्रम केला. मग शालेय यश निरर्थक कसे? आक्षेप वजनदार आहे. पण मुलींची वाढ लवकर पूर्ण होते, आणि त्यांच्या शालेय अडथळ्यांची उंची मोठ्या स्त्रियांइतकीच, 76.2 सेंटीमीटर असते. मुलींची परीक्षा पुढच्या शर्यतीच्या बरीच जवळची असते, मुलांची तशी नसते. शिवाय मॅक्लॉफ्लिननेही 14 पावलांची लय 2021 मध्ये, प्रशिक्षक बॉबी कर्सी यांच्या हाताखाली बसवली, आणि त्याच वर्षी जागतिक विक्रम मोडला. शाळेत जिंकणारे पुढे जिंकत नाहीत, असा माझा दावा नाहीच. शाळेत हरणाऱ्यांबद्दल आपण जो निकाल देतो, त्याला आधार नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप, ट्रॅकशिवाय घडलेल्या एकाच्या गोष्टीतून गैरसोयीचे कौतुक होते. ते मला मुळीच करायचे नाही. मोझेसला पोषण होते, मार्गदर्शक होते, मोठ्या स्पर्धांची दारे खुली होती. आपल्याकडच्या बहुसंख्य मुलांना यातले एकही नसते. पण उशिरा शर्यत बदलणारा तो एकटा नाही. पी. टी. उषा मूळची सपाट शर्यतींची. 1984 मध्ये लॉस एंजेलिसला तिनेही विसाव्या वर्षीच 400 मीटर हर्डल्समध्ये चौथा क्रमांक मिळवला, 55.42 सेकंद. कांस्यपदक एक शतांश सेकंदाने हुकले. त्याच स्पर्धेत मोझेसने दुसरे सुवर्ण जिंकले. ऑगस्ट 1977 पासून जून 1987 पर्यंत तो सलग 122 शर्यती अजिंक्य होता.

महाराष्ट्रातल्या क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे. चौदा आणि सतरा वर्षांखालच्या गटांत मागे पडलेल्या उंच होत चाललेल्या मुलाला वहीतून वगळू नका. त्याला दोन्ही पायांनी अडथळा ओलांडायला शिकवा, चारशे मीटरही धावू द्या, दर सहा महिन्यांनी त्याची उंची आणि दोन अडथळ्यांमधली पावले मोजून लिहून ठेवा. बारावीनंतर तो ज्या कॉलेजात जाईल, तिथल्या शिक्षकाच्या हाती ती वही द्या.