चढा मध्यम

शिक्षकाला सर्वांत अवघड काय जात असेल, तर विद्यार्थ्यासमोर ‘माझं चुकलं’ म्हणणं! गेली सव्वीस वर्षं मी मुलांना बासरी शिकवतो. पण हे दोन शब्द माझ्या ओठांवर कधी आले नव्हते. ओठ सदैव फुंकरीत गुंतलेले, ही सबब होतीच!

परवा बागेश्रीचा पाठ चालला होता. तानपुरा मध्यमावर लावलेला. माझी बारा वर्षांची विद्यार्थिनी एकाएकी थांबली आणि भीत भीत म्हणाली, “गुरुजी, तुमचा मध्यम थोडा चढा लागतोय का हो?”

“आधी स्वतःचा गंधार सांभाळ!” मी खेकसलो. पोर मान खाली घालून घरी गेली.

रात्री दार लावून मी बासरी घेतली. बासरीवरचा शुद्ध मध्यम मोठा लबाड! सहाही भोकं मोकळी सोडली की तीव्र मध्यम. त्यांतलं पहिलं निम्मं झाकलं की शुद्ध. आता निम्मं म्हणजे किती, हे बोटानं आणि कानानं ठरवायचं. माझं बोट इतकी वर्षं केसभर जास्त उचललं जात होतं, आणि कानानं त्याला सांभाळून घेतलं होतं. जुने स्नेही परस्परांची खोड सांभाळून घेतात तसं.

तेव्हा पंडित हरिप्रसाद चौरसियांची आठवण झाली. १९३८ साली अलाहाबादेत पैलवानाच्या घरी जन्मलेला हा मुलगा वडिलांच्या चोरून संगीत शिकला. १९५७ साली कटकच्या आकाशवाणीत लागला. पुढं मुंबईत चित्रपटसंगीतात वाजवू लागला. चांगलं नाव झालेलं असताना ते अन्नपूर्णादेवींचे शिष्य झाले, आणि नव्यानं आरंभ करायचा म्हणून उजवीकडे धरायची बासरी त्यांनी डावीकडे घेतली! म्हणजे पहिला सासुद्धा पुन्हा शोधायचा. पुढं ‘वृंदावन’ गुरुकुल काढून त्यांनी स्वतः शिष्य घडवले.

मला तर एकच बोट केसभर खाली आणायचं होतं. तरी केवढा मानभंग!

पुढचे दोन पाठ ती पोर आलीच नाही. अखेर मीच तिच्या घरी गेलो. आई अनारसे तळत होती. तिच्यादेखत म्हणालो, “बाळ, माझं चुकलं. मध्यम चढाच होता.”

ती काही बोलली नाही. आतून बासरी आणून तिनं मध्यम लावला. मी माझा त्याला मिळवू लागलो.

“अजून थोडा खाली, गुरुजी,” ती म्हणाली.