जोगेश्वरी ते दीक्षाभूमी : वेगाचा हिशोब

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जायचे म्हणजे आमच्या जोगेश्वरीकरांना दादर गाठून रेल्वेच्या गर्दीत शिरणे ठरलेले. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि भिवंडीजवळून थेट नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटरचा सलग रस्ता मिळाला. आता वस्तीतली चार माणसे वर्गणी काढून भाड्याची मोटार करतात. आम्हीही तसेच निघालो.

जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याला लागले की कोंडिवट्याची बौद्ध लेणी उजव्या हाताला राहतात. तिकडे मनोमन वंदन करून पुढे निघावे, तर सीप्झ आणि पवईची वाहतूक कोंडी आडवी येते. गाडी जागची हलत नाही, पेट्रोल मात्र जळत राहते. जास्त वेळ थांबायचे असेल तर इंजिन बंद करणेच बरे.

आमणेला समृद्धीवर चढलो की उलटा प्रकार. इगतपुरीचा सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा मागे पडला की पुढे ना सिग्नल, ना चौक. सपाटीवर मोटारीला ताशी १२० ची मुभा असल्याने चालकाचा पाय आपोआप दाबला जातो. पण हवा फुकट वाट देत नाही. ८० वरून १२० वर गेले की वेग दीडपट होतो, हवेचा विरोध मात्र सव्वादोनपट! टपावर सामान बांधले असेल तर तो आणखी वाढतो. म्हणून बोचकी डिकीत ठेवावीत. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेसारख्या श्रीमंत देशानेही १९७४ मध्ये ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची, मर्यादा घातली होती, ती तेल वाचवण्यासाठीच.

आता हिशोब पाहू. समजा, गाडी ८० च्या वेगाने लिटरमागे १८ किलोमीटर जाते आणि १२० ला १३. तर ७०१ किलोमीटरला एकदा ३९ लिटर लागेल, एकदा ५४. जाऊन-येऊन ३० लिटरचा फरक! वेळेचे म्हणाल तर ८० ने पावणेनऊ तास, १०० ने सात, १२० ने पाच तास पन्नास मिनिटे. शिवाय ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतरही १२० ला ८० च्या सव्वादोनपट होते. गाडीत लेकरे असताना हे विसरून चालणार नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की भाडे ठरवतानाच चालकाशी वेगही ठरवावा. ८० ते १०० च्या दरम्यान गाडी ठेवावी आणि निघण्यापूर्वी टायरची हवा तपासावी. पहाटे एक तास लवकर निघाले की घाई करावी लागत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा दिली, त्या भूमीवर दरवर्षी पुस्तकांची दुकाने लागतात. वाऱ्याशी झुंजण्यात उडणारे पैसे वाचले, तर त्यातून घरातल्या प्रत्येक मुलाच्या हाती एकेक ग्रंथ येईल. भगवान बुद्धांचा मध्यम मार्ग रस्त्यावरही उपयोगी पडतो, तो असा.

जय भीम!