उताराची गाडी

साताऱ्यात उतार शोधावा लागत नाही. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचं गाव. राजवाड्यावरून सोडलेली सायकल पाय न मारता पोवई नाक्यापर्यंत जाते, अशी आमची लहानपणीची बढाई होती.

आप्पांची प्रीमियर पद्मिनी या उतारावरच जगली. बॅटरी म्हातारी झालेली, नवी पुढच्या महिन्यात घ्यायची, आणि तो पुढचा महिना काही केल्या उजाडायचा नाही. म्हणून रात्री गाडी उताराकडे तोंड करून लावायची, चाकाखाली दगड. सकाळी दगड काढून डिकीत टाकायचं काम माझं. आप्पा किल्ली फिरवून स्टिअरिंगलगतचा दांडा न्यूट्रलला आणत आणि गाडी मुकाट घरंगळू लागे. त्या आठ-दहा सेकंदांत इंजिनाचा आवाज नसे, फक्त टायरखालची खडी ऐकू येई. वेग आला की क्लच दाबून दुसरा गिअर, मग क्लच सोडायचा. एक हिसका, खोकला, धूर. पहिला गिअर का नाही? तर चाकंच अडतात म्हणून.

लग्न होऊन सांगलीला आले. इथे कृष्णेने सगळं पोळपाटासारखं करून ठेवलेलं. बॅटरी उतरली की माणसं लागतात. एकदा मार्केट यार्डात हळदीची पोती उतरवणाऱ्या हमालांनी आमच्या पांढऱ्या मारुतीला धक्का दिला. घरी येऊन पाहिलं तर डिकीवर पिवळे पंजे. दोन दिवस पुसले नाहीत.

पुढे ऑटोमॅटिक आली. ऑगस्ट २०१९च्या पुरात आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं (धोक्याची पातळी ४५). ते चढत असताना ही गाडी गावभागातल्या पार्किंगमध्ये भिंतीला नाक लावून उभी होती आणि बॅटरी ठार. ऑटोमॅटिकला धक्क्याने जाग येत नाही. तिच्या गिअरबॉक्समधल्या तेलाला दाब देणारा पंप इंजिन फिरल्याशिवाय चालत नाही. पण जंपर केबल पोचायची तर गाडी मागे घ्यायला हवी, आणि दांडा 'पी'मधून हलेना. तिथे एक लोखंडी दात अडकलेला असतो आणि दांड्याचं कुलूप उघडायला वीज लागते. न्यूट्रलला जायलासुद्धा परवानगी! आप्पांच्या गाडीने असला मान कधी मागितला नव्हता.

रस्त्यावर पाणी दिसू लागलं होतं. खालच्या मजल्यावरचा पोरगा स्क्रूड्रायव्हर घेऊन आला.

"काकू, हँडब्रेक वढलाय न्हवं? न्हाईतर सुटंल."

दांड्याशेजारचं नखाएवढं झाकण त्याने उचकटलं, भोकात टोक दाबून धरलं. मी ब्रेकवर पाय ठेवून दांडा ओढला. टक्. मग हँडब्रेक सोडला, सहा-सात जणांनी गाडी मागे रेटली, एका जीपच्या बॅटरीला केबल लावली आणि आम्ही विश्रामबागेच्या दिशेने निघालो.

रात्री साताऱ्याहून आप्पांचा फोन. पूर, सामान, माणसं, सगळं विचारून झालं. मग जरा थांबून म्हणाले, "आणि गाडी? उतारावर लावली नव्हतीस?"