दुसरे उत्तर

सापशिडी खेळताना मला लहानपणापासून एक गोष्ट खटकत आली आहे. ९८च्या घरात तोंड वासून बसलेला तो लठ्ठ साप आपल्याला गिळतो, यात आपला अपराध काय? आपण नुसता फासा टाकला. दान पडले, सोंगटी सरकली आणि इतका वेळ चढून आलेले सारे मातीत गेले. शिडीचेही तेच. तिच्या पायाशी पोचण्यात आपले कर्तृत्व शून्य. पण चढताना आपल्या चेहऱ्यावर भाव असा, की जणू हे सारे आपण घाम गाळून मिळवले!

मूळच्या खेळात निदान घरांना नावे होती. हा खेळ ज्ञानदेवांनी रचला अशी आपल्याकडे परंपरा आहे. थोरले दोघे भाऊ भिक्षेला गेले की मागे राहिलेल्या सोपान-मुक्ताईंचा वेळ जावा म्हणून तो निघाला, अशी गोड आख्यायिकाही सांगतात. त्याचे नाव मोक्षपट. कवड्या टाकायच्या. सद्गुणांच्या घरांतून शिड्या वर जात, दुर्गुणांच्या घरांत सापांची तोंडे असत आणि अगदी वर मोक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात छापला जाऊ लागला. पुढे पुढे घरांची नावे गळाली आणि आकडे तेवढे उरले. पण नावे होती तेव्हाही क्रोधाच्या घरात माणूस जाई तो कवडीमुळे, रागावून नव्हे! प्रारब्ध समजावून सांगायला हा खेळ उत्तम. निवड मात्र त्यात कुठेच नाही.

ती मला सापडली अगदीच अनपेक्षित ठिकाणी. गेल्या दिवाळीला मी माहेरी, अंथुर्ण्याला गेले होते. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे आमचे गाव, भोवती सगळा ऊस. तिथे माझी भाची ओट्यावर बसून मोबाइलवर एक खेळ खेळत होती. त्याचे नाव लांबलचक : ‘स्टार वॉर्स : नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’. कॅनडातल्या बायोवेअर कंपनीने तो २००३ साली काढला. म्हणजे तो भाचीहून वयाने वडील! मोबाइलवर तो बऱ्याच वर्षांनी आला. त्या नावाचे जे चित्रपट आहेत त्यांच्याही सुमारे चार हजार वर्षे आधीची ही कथा. कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या बाईने अंतराळातल्या लढायांत रमावे असे काही नाही. पण मी रमले खरी.

प्रकाशाच्या तलवारी, यंत्रमानव, उडती जहाजे हे सगळे त्यात आहेच. खरा खेळ मात्र निराळा. समोरचे कोणी बोलू लागले की पडद्याच्या तळाशी आपण द्यायची उत्तरे दिसतात. तीन, चार, कधी पाच. एखादे दयेचे, एखादे व्यवहाराचे, एखादे सरळसरळ दुष्टपणाचे. तुम्ही कोणते निवडता आणि कसे वागता त्याप्रमाणे तुमचा काटा उजेडाकडे किंवा अंधाराकडे सरकतो. अंधाराकडे फार सरकलात तर चेहरासुद्धा निस्तेज आणि भेसूर होत जातो. (ही सोय प्रत्यक्षात असती तर आमच्या स्टाफरूममध्ये सकाळी एकमेकांना ओळखणे जड गेले असते. ते असो.)

या खेळात टॅरिस नावाचे एक शहर आहे. वर श्रीमंत, खाली गरीब आणि त्याही खाली, जिथे ऊनच पोचत नाही तिथे, वाळीत टाकलेली माणसे. तिथे एक भयंकर रोग पसरलेला आहे. त्यात माणसाचा राक्षस होतो. त्यावरचे औषध तुमच्या हाती लागते. ते एका भल्या डॉक्टरला द्यावे, म्हणजे तो ते सर्वांपर्यंत पोचवील. नाहीतर एका गुंडाच्या माणसाला विकावे, म्हणजे पैसे अधिक. भाचीने डॉक्टरला दिले. काटा उजेडाकडे सरकला. आणि पुढे थोड्याच वेळात शत्रूच्या जहाजांनी आभाळातून आग ओतून ते शहर उद्ध्वस्त केले. भल्यांचे शहर गेले, तसे गुंडांचेही गेले.

“मग आत्या, औषध देऊन उपयोग काय झाला?”

अंथुर्ण्याच्या मुलीने हा प्रश्न विचारावा याची मला गंमत वाटली. तुकोबांची पालखी पंढरपूरला जाताना बेलवडीला रिंगण होते आणि मग आमच्या गावी मुक्काम पडतो. माझी आई त्या दिवशी पहाटेपासून भाकऱ्या थापायला बसे. जेवून गेलेला वारकरी पुन्हा कधी भेटेल याची शाश्वती नाही. सकाळी दिंड्या निघून जात आणि मागे चुलीतली राख उरे. आता आई पुण्याचा हिशेब ठेवीत नव्हती असे मी म्हणणार नाही. तो ती पक्का ठेवी. परंतु भाकरी वाढताना तिचे लक्ष समोरच्याच्या ताटाकडे असे, एवढे मी पाहिलेले आहे. भाचीला मी हे सांगितले. तिने “हं” म्हटले आणि ती पुढच्या ग्रहावर निघून गेली.

या खेळात आणखी एक सोय आहे. हवे तिथे तो जपून ठेवता येतो. वाईट वागून पाहावे, काय होते ते बघावे आणि मागच्या जागी परत यावे. शेवटाकडे अंधाराची वाट धरली तर एका केसाळ, धिप्पाड सोबत्याला एक आज्ञा देता येते. आपण त्याला सोडवलेले असते, त्या उपकाराने तो आपल्याशी जन्माचा बांधलेला असतो. आज्ञा ही, की तुझ्या १४ वर्षांच्या मैत्रिणीला तू आपल्या हाताने मार.

“मी एकदा दिली,” भाची खालच्या आवाजात म्हणाली. “नुसती बघायला. मग मागे जाऊन पुन्हा खेळले. पण आत्या, ती मुलगी परत बोलायला आली ना, की मला तिच्याकडे बघवेना.”

खेळात सगळे पुसले गेले होते. काटाही जागच्या जागी होता.

भाऊबीजेच्या दुपारी, ओवाळून झाल्यावर, दादाने एक कागद माझ्यापुढे ठेवला. हक्कसोडपत्र. खेड्यात ज्यांचे माहेर आहे त्या वाचक भगिनींना हा कागद समजावून सांगायला नको. महाराष्ट्राने १९९४ साली आणि सबंध देशाने २००५ साली वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. त्यानंतर हा कागद घरोघर अधिकच निघू लागला. दादा वाईट माणूस नव्हे. माझ्या एम. ए.ची फी त्याने उसाच्या बिलातून भरली आहे. वहिनीने त्याच सकाळी माझ्या आवडीच्या करंज्या तळल्या होत्या. “पाडव्यानंतर निबंधकाकडे जायचंच होतं,” दादा म्हणाला, “तू आलीच आहेस, तर वाचून ठेव.” त्याच्या मनात कपट नव्हते. गावात सगळ्या बहिणी सही करतात. माहेरचे दार उघडे राहावे म्हणून करतात. तिला कोणी निवड म्हणत नाही, रीत म्हणतात.

भाची माझ्या खांद्यावरून कागद वाचीत होती. तिने तो उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

“आत्या, यात दुसरं उत्तर कुठे आहे?”

कोणी काही बोलले नाही. वहिनी ताट उचलायच्या निमित्ताने आत गेली. दादा आपल्या मुलीकडे पाहत राहिला. ती त्याची एकुलती एक, तिला कोणापुढे असा कागद सरकवावा लागणार नाही. आणि तिच्यापुढे कोण सरकवील, हे त्याच्या मनात आले की नाही कोण जाणे.

मी म्हटले, “दादा, जमीन तू कसतोस, तूच कस. ऊसही तुझा. सातबाऱ्यावर मात्र माझे नाव राहू दे.”

“का?” त्याने विचारले. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याला खरोखरच कळत नव्हते.

“आहे म्हणून,” मी म्हटले.

त्याने कागदाची घडी घातली आणि फडताळात ठेवून दिली. संध्याकाळी एस.टी.वर सोडायला तो नेहमीसारखा आला. पिशवीत काकवीची बाटली होती. ती सांडणार नाही ना, एवढेच दोनदा विचारले. वर्षभरात फोन आले, पण आधीइतके नाहीत. परवा मात्र त्याचा आला. “भाऊबीजेला कोणत्या गाडीने येतेस?” कागदाचे त्याने काही काढले नाही. मीही काढले नाही. सकाळची गाडी सांगितली.