दोन लहानग्यांसोबत बीबी का मकबरा

घरात एक-दोन वर्षांचे मूल असले की आपल्याकडे प्रवासाचे बेत पुढे ढकलले जातात. "पोरं जरा मोठी होऊ द्या, मग जाऊ," असे म्हणता म्हणता तीन-चार वर्षे निघून जातात. काही घरांत बाकीचे जातात आणि मुलाची आई घरी राहते. आणखी एक प्रकार आहे, तो सहसा कुणाच्या नजरेत भरत नाही. आई सर्वांबरोबर जाते, पण तिथे पोचल्यावर पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि झोपलेले बाळ सांभाळत एका पायरीवर बसून राहते. बाकीचे सगळे बघून येतात. मग घरी आल्यावर म्हणतात, "आपण सगळे जाऊन आलो."

मागच्या डिसेंबरात आम्ही जालन्याहून औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, एका दिवसासाठी गेलो. आम्ही आठ जण होतो. अम्मी, आम्ही दोघे, आमची दहा वर्षांची मुलगी, धाकटा भाऊ, त्याची बायको आणि त्यांची दोन मुले. पुतणी अडीच वर्षांची, पुतण्या चौदा महिन्यांचा. भावाच्या बायकोला आमच्या घरी सगळे अजून दुल्हनच म्हणतात, लग्नाला पाच वर्षे झाली तरी.

ठिकाणे दोनच ठरवली. सकाळी बीबी का मकबरा आणि दुपारी पाणचक्की. दौलताबाद आणि वेरूळ यांची नावेही काढली नाहीत. लहान मुलांबरोबर दिवस आखायचा तर त्यांच्या झोपेपासून सुरुवात करावी लागते. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसा-रात्रीची मिळून ११ ते १४ तास झोप लागते आणि त्यातली दुपारची डुलकी चुकली की संध्याकाळी सगळ्या घराची परीक्षा होते. आमच्या पुतण्याची वेळ साडेबाराची. म्हणून साडेबाराला आपण सावलीत, शांत जागी असले पाहिजे, एवढे आधी पक्के केले. बाकीचा दिवस त्याच्या अलीकडे-पलीकडे बसवला.

सकाळची गाडी पकडली. जालना ते औरंगाबाद अंतर साठेक किलोमीटर. बदनापूर, करमाड, चिकलठाणा अशी स्टेशने येतात. बाहेर तुरीची आणि ज्वारीची शेते होती, कापूस वेचणाऱ्या बाया होत्या, मधूनच मोसंबीच्या बागा. डब्यात खारे शेंगदाणे आणि फुटाणे विकणारा आला. मोठ्यांसाठी घेतले, पण लहानांच्या हाती एकही दाणा दिला नाही. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे या वस्तू पाच वर्षांखालच्या मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतात. त्यात गाडी हलत असते आणि मूल हसत, उड्या मारत खात असते. त्यांच्यासाठी डब्यात केळी, उकडलेली अंडी, मऊ फुलके आणि सोललेल्या मोसंबीच्या बिया काढलेल्या फोडी होत्या.

पुतणी कंटाळली तेव्हा भावाचा हात खिशातल्या मोबाईलकडे गेला. आमच्या मुलीने तिला खिडकीशी ओढले आणि "चल, बकऱ्या मोजू" म्हणाली. पुतणीला मोजता येत नाही. ती प्रत्येक बकरीला "दोन" म्हणते. चिकलठाण्यापर्यंत हा खेळ चालला. जागतिक आरोग्य संघटनेने दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून अधिक नको, असे सांगितले आहे. घरात हे पाळणे अवघड जाते. प्रवासात तितके अवघड नाही, कारण खिडकीबाहेर सतत काहीतरी नवे असते. फक्त त्याच्याकडे बोट दाखवणारे कोणीतरी शेजारी लागते.

मकबऱ्याच्या मोठ्या दरवाजातून आत गेलो की समोर लांब बाग, मधोमध पाण्याचा पाट आणि कारंजी, आणि त्यापलीकडे चबुतऱ्यावर पांढरी इमारत. सारे आवार सुमारे ४५८ मीटर लांब आणि २७५ मीटर रुंद आहे. मोठा माणूस दरवाजापासून मकबऱ्यापर्यंत पाच-सात मिनिटांत पोचतो. पुतणीला पाऊण तास लागला. दरवाजावरच्या पितळी पत्र्यातली फुले तिने एकेक करून बोटाने चाचपली. पुढे मुंग्यांची रांग लागली, तिच्याशी बोलणे झाले. खारीच्या मागे ती पळाली, मग वाळलेली पाने गोळा करून ती पाटाच्या काठावर मांडत बसली. मकबऱ्याकडे तिने एकदाही पाहिले नाही. तिच्या उंचीवरून जग असेच दिसते. दोन-अडीच वर्षांच्या मुलाचे शिकणे हात लावण्यातून, उचलण्यातून, पुन्हा पुन्हा तेच करण्यातून होते. त्याला "चल लवकर, तिकडे बघण्यासारखे आहे" असे म्हणून ओढले तर तो बघत असलेली गोष्ट आपण हिरावून घेतो आणि आपण दाखवलेलीही त्याला दिसत नाही.

ही इमारत ज्या बेगमेची कबर आहे, तिची हकीकत प्रत्येक आईबापाने ऐकण्याजोगी आहे. दिलरास बानू बेगम ही औरंगजेबाची बेगम. तो तेव्हा बादशहा झालेला नव्हता, शहजादा होता. सप्टेंबर १६५७ मध्ये तिला मुलगा झाला, त्याचे नाव अकबर. त्यानंतर महिनाभरातच, ऑक्टोबरमध्ये, बाळंतपणाच्या आजाराने ती इथेच, औरंगाबादेत वारली. मागे पाच लेकरे राहिली. थोरली झेबुन्निसा १९ वर्षांची होती आणि सर्वांत धाकटा अकबर महिन्याचा. मकबरा शहजादा आझमशहाने आपल्या आईसाठी बांधला असे लोक सांगतात. हा आझम जून १६५३ मधला. म्हणजे आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, आणि १६६१ च्या सुमारास इमारत उभी राहिली तेव्हा आठेक वर्षांचा. हुकूम कोणाचाही असो, ज्याच्या नावाने हा मकबरा ओळखला जातो तो आई गेली तेव्हा आमच्या पुतणीहून दीड वर्षानेच मोठा होता. कामावर असलेल्या अताउल्ला आणि हंसपतराय यांची नावे दरवाजावर कोरलेली आहेत.

आपल्या घरांत बाळंतिणीचा चिल्ला पाळतात. चाळीस दिवस तिला गरम खाणे, मालिश, आराम मिळतो. ही चांगली रीत आहे, आणि याच दिवसांत ताप, जास्त रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी असे काही दिसले तर घरगुती उपाय करत न बसता दवाखाना गाठला पाहिजे. पण चिल्ला संपला की एक्केचाळिसाव्या दिवसापासून सगळ्यांची नजर फक्त बाळाकडे जाते. बाळ एक वर्षाचे होते, चालू लागते, पळू लागते. आई रात्री तीनदा उठते आणि सकाळी सर्वांच्या आधी उठते, याची मोजदाद कोणी ठेवत नाही.

चबुतऱ्याच्या पायऱ्यांशी आम्ही पोचलो तेव्हा पुतण्या दुल्हनच्या कडेवर होता. ती सवयीने पायरीवर बसायला लागली. म्हणाली, "तुम्ही सगळे वर जाऊन या, मी इथे आहे."

अम्मी म्हणाल्या, "नाही. पहिली फेरी तुझी. बाळ इकडे दे."

मग अम्मींनी सांगितले, तेव्हा आम्हाला कळले. त्या याआधी दोनदा मकबऱ्यात आल्या होत्या. एकदा धाकटा भाऊ कडेवर होता, एकदा बहीण. दोन्ही वेळा त्या याच पायऱ्यांवर बसल्या होत्या. "आतली जाळी संगमरवराची आहे ना? तुमच्या अब्बूंनी सांगितले होते," त्या म्हणाल्या. आज गुडघे दुखतात तरी दुसऱ्या फेरीत त्या आमचा हात धरून वर गेल्या. आतून कबर खालच्या बाजूला दिसते. तिच्याभोवती संगमरवरी नक्षीची अष्टकोनी जाळी आहे. अम्मी कठड्याला धरून बराच वेळ खाली पाहत उभ्या राहिल्या आणि दुआ मागून परतल्या.

त्या दिवशी आम्ही एक पद्धत ठरवली, ती आता घरीही चालते. एका तासाला मुलांची जबाबदारी एकाच मोठ्या माणसाकडे. त्या तासात लंगोट बदलणे, पाणी पाजणे, मागे धावणे, नाक पुसणे, सगळे त्याचेच. त्याने "दुल्हन, हा रडतोय बघ" अशी हाक मारायची नाही. बाळ अजून अंगावर पिते, तेवढी एक सवलत. ही पद्धत आपल्याला नवी वाटू नये. लहान मूल असलेल्या घरात नवरा-बायको नमाज आळीपाळीने पढतातच. एक जण मुसल्यावर असतो, दुसऱ्याच्या कडेवर मूल. आम्ही तीच रीत बाकीच्या दिवसाला लावली. भावाने बागेत झाडाखाली चादर टाकून मुलाचा लंगोट बदलला तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्या दोन-तीन बायकांनी वळून पाहिले. पैगंबर (स.) आपली नात उमामा हिला खांद्यावर घेऊन नमाज पढवत, सजद्याला जाताना खाली ठेवत आणि उठताना पुन्हा उचलून घेत, ही हदीस आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. मग बापाने बागेत लंगोट बदलला तर त्यात वळून बघण्यासारखे काय आहे?

बाराच्या सुमारास रिक्षाने पाणचक्कीला आलो. येताना नान-खलिया बांधून घेतला होता. मोठ्यांनी तो खाल्ला. मुलांना नानचा आतला मऊ भाग दिला, आणि मटणाचा तुकडा गरम पाण्यात धुऊन, रेषा काढून, बारीक कुस्करून दिला. पाणचक्की खाम नदीकाठी, महमूद दरवाजाजवळ आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात १८ व्या शतकात ही व्यवस्था उभी राहिली. सुमारे आठ किलोमीटरवरच्या डोंगरातून जमिनीखालच्या मातीच्या नळांनी पाणी आणले, ते उंच भिंतीवरून हौदात पाडले, आणि त्याच्या जोरावर दगडी जाते फिरवून धान्य दळले जाई. हौदाच्या तळाखाली मोठे दालन आहे. वर पाणी असल्याने ते उन्हाळ्यातही गार राहते. आवारात विस्तीर्ण वड आहे. त्याच्या सावलीत अम्मींच्या मांडीवर पुतण्या साडेबाराला झोपला तो दोनपर्यंत. तेवढ्यात आम्ही आळीपाळीने जोहर पढून घेतली. दुल्हनही नमाजेनंतर चादरीवर आडवी झाली आणि अर्धा तास झोपली. तिला कोणी उठवले नाही.

हौदात मासे आहेत आणि मुलांना तिथून हलवणे अशक्य. इथे एक गोष्ट कडक पाळावी. पाण्याजवळ लहान मूल नुसते नजरेसमोर असून भागत नाही, ते हाताच्या अंतरात हवे, आणि एका माणसाने फक्त तेवढेच काम करावे. मूल बुडताना ओरडत नाही, हातपाय आपटल्याचा मोठा आवाजही बहुधा होत नाही. वीतभर पाणीही धोक्याचे असते. घरातली भरलेली बादली आणि उघडी टाकी यांनाही हेच लागू आहे. आठ माणसे बरोबर असली की प्रत्येकाला वाटते, दुसरा बघतोय. म्हणून जबाबदार कोण, हे तोंडाने बोलून ठरवावे: "आता माझ्याकडे आहे."

निघायची वेळ झाली. अडीच वर्षांच्या मुलाला "पाच मिनिटांत जायचे" हे कळत नाही. त्याला "अजून तीन मासे बघू, मग जाऊ" हे कळते. तीन मासे पाहून झाले, तरी पुतणी जमिनीवर आडवी पडून रडू लागली. कोणी म्हणाले चॉकलेट द्या, कोणी म्हणाले एक धपाटा द्या. दुल्हन तिच्याजवळ उकिडवी बसली आणि म्हणाली, "तुला अजून मासे बघायचेत. जायचं नाहीये तुला. हो ना?" मग गप्प बसून राहिली. सात-आठ मिनिटांनी हुंदके थांबले. तेव्हा तिने विचारले, "रिक्षापर्यंत चालत जायचं की अब्बूंच्या खांद्यावर?" पुतणीने खांदा निवडला. जायचे की नाही हे मोठ्यांनी ठरवले, कसे जायचे हे तिने. या वयात हट्ट हा बहुतेक वेळा वाईट वळण नसून बोलता न येण्याचा त्रास असतो. हट्टावर चॉकलेट मिळते हे एकदा कळले की पुढच्या वेळी रडणे लांबते. आणि अर्धा तास झोप मिळालेल्या आईला त्या आठ मिनिटांचा सब्र जमतो. रात्रभर जागलेल्या आईकडून तो मागणे अन्याय आहे.

ज्यांच्या घरी लहानगी आहेत त्यांनी हिवाळ्याचे दिवस वाया घालवू नयेत. जवळचे, तासा-दीड तासाच्या अंतरावरचे, मोकळ्या जागेचे ठिकाण निवडा. दिवसाला दोनच जागा ठेवा. कपड्यांचा एक जादा जोड, उकळून गार केलेले पाणी आणि ओआरएसची दोन पाकिटे घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून घाला. गर्दीत जाताना मोठ्यांपैकी एकाचा फोन नंबर कागदावर लिहून मुलाच्या खिशात आतल्या बाजूला ठेवा. आणि निघण्याआधीच बसून ठरवा की कोणत्या तासाला मुले कोणाकडे असतील. त्या यादीत अब्बू, चाचा, फूफी, दादी सगळ्यांची नावे येऊ द्या आणि आईच्या नावापुढे निदान दोन तास रिकामे ठेवा.

आमचा पुढचा बेत सिद्धार्थ उद्यानाचा आहे. यादी दुल्हन करणार आहे.