जांभळाचा मध आणि बाबांची शुगर

परवा बाबांचा रिपोर्ट आला. एचबीएवनसी ८.२! तीन महिन्यांपूर्वी ७.१ होती. आईने आधी रिपोर्टकडे पाहिलं, मग मधाच्या बाटलीकडे आणि मग माझ्याकडे. (बाटली मीच आणली होती.)

त्याचं असं झालं, मे महिन्यात ऑफिसची गँग महाबळेश्वरला गेली होती. तिथे मधाच्या दुकानात शिरणं आलंच. गडद रंगाचा, किंचित कडवट असा जांभळाचा मध चाखला. "साहेब, शुगरवाल्यांनाही चालतो. जांभूळ ना!" दुकानदार म्हणाला. शिवाय गडद मधात अँटिऑक्सिडंट जास्त असतात, हे मी कुठेतरी वाचलं होतंच. लगेच दोन बाटल्या घेतल्या. बाबा रोज सकाळी कोमट पाण्यात दोन मोठे चमचे घ्यायला लागले. गोड खायला खुद्द मुलाची परवानगी, आणखी काय पाहिजे!

रिपोर्ट आल्यावर मात्र अख्खा वीकेंड वाचत बसलो. (डीबगिंगची सवय, दुसरं काय..) गंमत म्हणजे, मी वाचलेलं खोटं नव्हतं. मकरंदाबरोबर फुलातले फिनॉलिक पदार्थही मधात येतात, म्हणून फूल बदललं की मधाचे गुण बदलतात. १९९८ साली अमेरिकेत १४ वेगवेगळ्या फुलांचे मध तपासले गेले. त्यात इलिनॉयचा बकव्हीटचा, म्हणजे उत्तरेत उपासाला खातात त्या कुट्टूच्या फुलांचा मध पहिला आला आणि कॅलिफोर्नियातल्या बटन सेजचा शेवटचा. दोघांत वीसपट फरक! आणि साधारणपणे मध जितका गडद, तितका अँटिऑक्सिडंटमध्ये वरचढ.

मग चुकलं कुठे? तर युनिटमध्ये. हे फिनॉलिक पदार्थ मोजायचे मिलिग्रॅममध्ये. साखर मात्र ग्रॅममध्ये, १०० ग्रॅम मधात ८० च्या आसपास. बाबांचे दोन चमचे ४० ग्रॅम धरले, तर रोजची ३२ ग्रॅम साखर झाली. २००३ च्या एका प्रयोगात बकव्हीटचा मध खाल्ल्यावर माणसांच्या रक्तातली अँटिऑक्सिडंट क्षमता खरंच वाढली होती. पण डोस किती? वजनाच्या दर किलोमागे दीड ग्रॅम! बाबा ७० किलोचे. म्हणजे १०५ ग्रॅम मध.. डॉक्टरांनी मलाच ॲडमिट केलं असतं.

आणि जांभूळ? मधुमेहावर लोक सांगतात ती जांभळाच्या बियांची पूड. मधमाशी आणते तो फुलातला मकरंद, म्हणजे मुळात साखरेचं पाणी. नाव एक म्हणून गुण इनहेरिट होत नाहीत. हे मला, रोज कोड लिहिणाऱ्याला, कळू नये?

मे-जूनच्या आमरसाचा यात हात नव्हता असं नाही. पण आमरसाला मी औषध म्हटलं नव्हतं.

रात्री बाबांना सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "अरे, मला पहिल्या दिवसापासून शंका होती. पण तू एवढ्या हौसेने आणलास.."

काय बोलणार? त्यांना एकदा तरी डॉक्टरांना विचारा म्हणायला हवं होतं, तेही सुचलं नाही.

असो. उरलेली बाटली आता माझ्याकडे आहे. पोळीशी मस्त लागतो हो, चव खरंच वेगळी आहे. तुम्हीही महाबळेश्वरला गेलात तर जरूर घ्या. फक्त मध म्हणून घ्या.