बोनाफाईड

जून उजाडला की घरोघरी एक लॅटिन शब्द घुमू लागतो आणि तो लॅटिन आहे याचा कुणाला पत्ताही नसतो. "आधी बोनाफाईड काढून आण, मग पासचं बघू." एसटीचा पास असो, शिष्यवृत्ती असो, जातपडताळणी असो, बोनाफाईडवाचून पान हलत नाही. ऑफिसातले क्लार्क जाडजूड जनरल रजिस्टर उघडतात, नावावर बोट ठेवतात, जन्मतारीख आधी आकड्यांत आणि मग अक्षरांत उतरवतात. मुख्याध्यापकांची सही होते, तिच्या शेपटावर गोल शिक्का बसतो. खाली बहुधा एक ओळ असते, वर्तणूक चांगली. सकाळीच ज्याला वर्गाबाहेर उभं केलं होतं, त्याचीसुद्धा.

रोमन लोक म्हणत 'बोना फिदे'. इंग्रज म्हणतात 'बोना फायडी'. अर्थ एकच: मनात काळंबेरं न ठेवता, इमानेइतबारे. इंग्रजीत तो क्रियेला किंवा माणसाला लागतो. आपण त्याचं थेट कागदाला नाव ठेवलं. इमान अर्ज करून काढता येतं, उद्या दुपारनंतर न्यायला या! यावर हसणं सोपं आहे. पण दुसऱ्याच्या मनात शिरायचं कसं, हा पेच आपल्या क्लार्कसाहेबांच्या फार आधीचा आहे.

रोमन वक्ता सिसेरोनं इसवी सनापूर्वी 44 साली कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात कॅनियस नावाच्या रोमन गृहस्थाची गोष्ट आहे. हे महाशय निवांतपणासाठी सिराक्यूज या समुद्रकाठच्या शहरी गेले आणि एखादी छोटी बाग विकत घ्यावी म्हणू लागले. पिथियस नावाच्या सावकारानं हे हेरलं. "माझी बाग विकायची नाही, पण आपलीच समजा," म्हणत त्यानं त्यांना जेवायला बोलावलं आणि कोळ्यांना गाठून सांगून ठेवलं, की उद्या माझ्या बागेसमोरच मासे धरायचे. कॅनियस येतात तो समोर होड्याच होड्या. जो तो कोळी येऊन पिथियसच्या पायाशी मासे ओततोय. "गावातली सगळी मासळी इथलीच," पिथियस म्हणाला. पाहुणे पाघळले. मागेल त्या किमतीला, सामानसुमानासकट बाग घेतली. दुसऱ्या दिवशी मित्रांना जेवायला बोलावलं, तर समोर एक वल्हंही नाही. शेजाऱ्याला विचारलं, "आज कोळ्यांची सुट्टी का?" तो म्हणाला, "छे! इथे कुणी मासे धरतच नाही. काल काय झालं होतं, तेच मला कळेना."

कॅनियस चडफडत राहिले. करणार काय? कपटाविरुद्ध दाद मागायची वाट तेव्हा कायद्यात नव्हती; ती पुढे सिसेरोच्याच मित्रानं, अक्विलियसनं काढली. मला यात पिथियसची हुशारी खुपत नाही, तिच्या मागची मेहनत खुपते. एका खोट्यासाठी त्यानं समुद्रभर साक्षीदार उभे केले. आपल्याकडे हेच काम विज्ञानाच्या जर्नलमध्ये होतं. मित्राच्या वहीवरून निरीक्षणं उतरवायची, उत्तर आधी ठरवून उलटं गणित मांडायचं, आणि पहिल्या पानावर सही घ्यायची, की हे या विद्यार्थ्याचं बोनाफाईड काम आहे.

मन दिसत नाही म्हणून मग बाहेरची पट्टी लावतात. व्हिक्टोरियन इंग्लंडात रविवारी ठरावीक वेळीच दारू मिळे, पण 'बोना फाइड प्रवाशा'ला सूट होती. खरा प्रवासी कोण? 1874 च्या कायद्यानं सांगितलं: आदल्या रात्री किमान 3 मैलांवर मुक्काम केलेला. आयर्लंडातही ही सूट होती, ती 1960 मध्ये बंद झाली. तोवर 3 मैलांची तंगडतोड करून तहानलेले 'प्रवासी' शेजारच्या गावी रीतसर पोचत असत. मैल मोजता आले, प्रवासाचा हेतू कोण मोजणार?

बोना फायडी म्हणजे सद्भावना कशाला म्हणायचं, यावर आपल्या कायद्यांचंही एकमत नाही. 1897 च्या सामान्य परिभाषा कायद्याप्रमाणे काम प्रामाणिकपणे केलं की पुरे, हातून हयगय झाली तरी ती सद्भावनाच. 1860 च्या दंडसंहितेला मात्र योग्य ती काळजीही हवी असे, नुसतं मन साफ असून भागत नसे. 2024 मध्ये तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेनंही हेच ठेवलं आहे. मला दंडसंहितेचं पटतं. "माझा हेतू वाईट नव्हता," हे वाक्य बहुतेक वेळा नुकसान झाल्यावरच ऐकू येतं.

पट्टी केव्हा बाजूला ठेवायची, तेही कधीकधी कायद्याला उमगतं. रेल्वेच्या अपघातात माणूस गेला आणि खिशात तिकीट सापडलं नाही, तर तो 'बोनाफाईड प्रवासी' होता का, असा वाद भरपाईच्या दाव्यांत हटकून येतो. तिकीट गर्दीत पडलं असेल, धक्क्यात उडालं असेल. सांगायला तो माणूस उरलेला नसतो. 2018 मध्ये रीना देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की केवळ तिकीट नाही म्हणून तो खरा प्रवासी नव्हता असं ठरत नाही. घरच्यांनी प्रतिज्ञापत्रावर हकीकत सांगायची. ती खोडून काढण्याची जबाबदारी मग रेल्वेवर येते.